चन्नम्मा राणीचं माहेर काकती : सीमाभाग मोजायचा तो कुठल्या मापानं?

बेळगावात काकतीवेस नावाचा भाग आहे. वेस म्हणजे गावाचा दरवाजा. जुन्या गावांत वेशीला बहुतेक वेळा वाट जिकडं जाते त्या गावाचं नाव पडायचं. म्हणजे इथून बाहेर पडलात की काकती. दरवाजा आता नाही, नाव तेवढं राहिलंय. काकती मात्र जिथल्या तिथं आहे. शहरापासून सहा-सात किलोमीटरवर, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून. पुण्या-कोल्हापूरहून बेळगावला येणारा माणूस काकतीवरूनच येतो, पण उतरत कुणी नाही. होनग्याचे कारखाने मागं पडले, काकती आली, की प्रवासी वरच्या बॅगा खाली काढायला लागतात.

दर वर्षी १ नोव्हेंबर जवळ आला की वाचकांचे प्रश्न सुरू होतात. त्या दिवशी इकडं एका बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूला काळ्या दिनाची सायकल फेरी असते. महाराष्ट्रातल्या वाचकाचा प्रश्न असतो, 'काकती म्हणजे कित्तूर चन्नम्मांचं गाव ना? मग तिथं मराठीचा काय संबंध?' बेळगावातल्या वाचकाचा असतो, 'ते ८६५ गावांचं काय झालं हो शेवटी?' वरवर पाहता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण दोन्हींची उत्तरं एकाच गोष्टीवर अडतात. मोजायला माप कोणतं घेतलं? जिल्हा, तालुका, गाव की घर? माप बदललं की उत्तर बदलतं. गेली साठ-सत्तर वर्षं सीमाभागात जे चाललंय ते बरंचसं या मापाचं भांडण आहे. काकती धरून ते बघितलं तर नीट कळतं.

देसायांची लेक

चन्नम्मांचा जन्म १७७८ सालचा, काकतीच्या देसाई घराण्यातला. वडील धुळाप्पा देसाई. लग्न कित्तूरच्या मल्लसर्ज देसायांशी झालं. दोघांची गाठ वाघाच्या शिकारीत पडली अशी गोष्ट इकडं घरोघर सांगतात. गोष्ट छान आहे, ती गोष्ट म्हणूनच ऐकावी.

पण 'देसाई' या शब्दापाशी जरा थांबूया. आज आपण आडनाव बघून माणूस मराठी की कानडी ते ठरवायला जातो. देसाई हा आदिलशाहीपासून चालत आलेला वतनी हुद्दा. गावाला पाटील किंवा गौडा, गावच्या लेखणीला कुलकर्णी किंवा शानभोग, आणि परगण्याला देसाई आणि देशपांडे. सारा गोळा करायचा, शिबंदी ठेवायची, वरच्या सत्तेला खंडणी पोचवायची. वरची सत्ता कधी विजापूर, कधी म्हैसूर, कधी पुणे. देसाई कोकणात आहेत, कोल्हापुरात आहेत, धारवाडात आहेत. चन्नम्मांचं घर लिंगायत, बोलणं कन्नड. पण पुण्याच्या दरबाराशी व्यवहार करायचा तर मोडी आलीच. त्या काळच्या माणसाला 'तू कुठल्या भाषेच्या राज्याचा?' असं विचारलं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता.

याचा अर्थ सगळं गोडीगुलाबीचं होतं असा नाही. आपल्याकडं 'पूर्वी सगळे भावासारखे राहायचे' असं म्हणायची पद्धत आहे, ती खरी नाही. कित्तूरचं संस्थान पेशव्यांना खंडणी द्यायचं, आणि तरी दुसऱ्या बाजीरावानं मल्लसर्ज देसायांना पुण्यात अडकवून ठेवलं. सुटका झाली ती तब्येत खालावल्यावर, आणि १८१६ मध्ये परतीच्या वाटेवरच ते गेले. दोनच वर्षांनी, १८१८ मध्ये, थॉमस मन्रोनं बेळगावच्या किल्ल्याला वेढा दिला. १० एप्रिलला किल्ला पडला. या लढाईत कित्तूर इंग्रजांच्या बाजूनं होतं. नवऱ्याला पुण्यात डांबणाऱ्याची बाजू कोण कशाला घेईल?

पुढचं बहुतेकांना माहीत आहे, निदान कर्नाटकात. मल्लसर्जांचा मुलगा शिवलिंगरुद्र १८२४ मध्ये निपुत्रिक वारला. दत्तक घेतलेला वारस कंपनी सरकारनं मानला नाही. धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे फौज घेऊन कित्तूरवर आला आणि २३ ऑक्टोबर १८२४ च्या लढाईत मारला गेला. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, कित्तूर पडलं, चन्नम्मांना बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. तिथंच फेब्रुवारी १८२९ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या बाजूनं लढत राहिलेल्या संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ ला खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिलं.

दत्तक नामंजूर करून संस्थान घशात घालायचा हा प्रकार झाशीच्या तीस वर्षं आधीचा. झाशीची राणी मराठी पोरांना शाळेपासून पाठ असते. चन्नम्मा पुण्या-मुंबईच्या पोराला एका रेल्वेगाडीचं नाव म्हणून माहीत असली तर असते. ही आपलीच उणीव, दुसऱ्या कुणाची नाही.

जाता जाता, हा मारला गेलेला थॅकरे म्हणजे कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे यांचा काका. आणि प्रबोधनकारांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग याच कादंबरीकाराच्या आवडीपोटी घेतलं असं सांगतात. पुढं १९६९ मध्ये सीमाप्रश्नावर मुंबई पेटली ती ठाकऱ्यांच्या शिवसेनेच्या आंदोलनात. इतिहास कुठनं कुठं फिरून येतो बघा.

'मुंबई कर्नाटक' गेलं, 'कित्तूर कर्नाटक' आलं

बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात होते. राज्य बदललं तरी १९५६ नंतर पासष्ट वर्षं या पट्ट्याला 'मुंबई कर्नाटक' म्हणायची सवय राहिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं ते नाव बदलून 'कित्तूर कर्नाटक' केलं. म्हणजे काकतीच्या लेकीच्या सासरचं नाव आता अख्ख्या प्रदेशाला लागलंय. त्याआधी २००७ मध्ये संसदेच्या आवारात चन्नम्मांचा पुतळा बसला, त्याचं अनावरण राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी केलं. २०१० मध्ये त्यांच्या नावानं विद्यापीठ निघालं, ते काकतीवरून पुढं गेलं की महामार्गावरच भूतरामहट्टीला आहे. बेळगावचा मुख्य चौक त्यांच्या नावाचा. आणि ती रेल्वेगाडी, राणी चन्नम्मा एक्सप्रेस, बंगळूरहून सुटते आणि बेळगाव ओलांडून मिरजेकडं जाते.

नावं बदलण्यात राजकारण आहे हे उघड आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं 'बेळगावी' झालं, त्याआधी ऑक्टोबर २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभं राहिलं. सगळ्याचा रोख एकच, हा मुलूख कर्नाटकाचाच आहे हे पक्कं करणं. पण त्याच न्यायानं एक गोष्ट मराठी बाजूनंही मान्य करायला हवी. कर्नाटकाच्या एकीकरणाचं स्वप्न बाहेरून आणून इथं लादलेलं नव्हतं. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकमेव अधिवेशन. त्याच मांडवाच्या आसपास कर्नाटक एकीकरणाची पहिली परिषदही भरली. आणि हे अधिवेशन बेळगावात खेचून आणणारे कोण? हुदलीचे गंगाधरराव देशपांडे. टिळकांचे कार्यकर्ते, घरची भाषा मराठी, आत्मचरित्र मराठीत, आणि लोकांनी दिलेली पदवी 'कर्नाटक सिंह'. टिळकांनी होमरूल लीगची सुरुवात एप्रिल १९१६ मध्ये केली तीही बेळगावातच.

बावीस वर्षांनी, मे १९४६ मध्ये, बेळगावलाच मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. म्हणजे कन्नड माणसाचं एक राज्य आणि मराठी माणसाचं एक राज्य, दोन्ही मागण्या एकाच शहरात ठरावाला आल्या. शहर एकच असल्यामुळं पुढं ते कुणाला तरी कमी पडणार होतं.

जिल्हा मोजा म्हटलं की एक, गाव मोजा म्हटलं की दुसरं

फाजल अली आयोगाचा अहवाल सप्टेंबर १९५५ मध्ये आला. आयोगानं मुख्यतः जिल्हा हे माप धरलं. बेळगाव जिल्हा एकूणात कन्नड बहुसंख्य, म्हणून तो म्हैसूर राज्यात. चंदगड तालुका इतका ठळक मराठी होता की तो तेवढा बाजूला काढला, तो पुढं कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठी बोलणारे जास्त असले तरी बाजारपेठ, कचेऱ्या, दळणवळण जिल्ह्याशी बांधलेलं आहे, असा आयोगाचा तर्क होता. १ नोव्हेंबर १९५६ ला अंमल झाला. त्याआधीच १७ जानेवारी १९५६ ला बेळगाव-निपाणीत गोळीबार होऊन माणसं गेली होती. तो दिवस सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळतात.

महाराष्ट्राचं म्हणणं पहिल्यापासून वेगळं होतं. जिल्हा हे इंग्रजांनी कारभारासाठी पाडलेलं खातं आहे, भाषा माणसं बोलतात, माणसं गावात राहतात, तर गाव मोजा. गाव हा घटक, सलगता, तिथल्या बहुसंख्यांची भाषा आणि लोकेच्छा, या चार गोष्टी बघा. हे काही हवेतलं नव्हतं. आंध्र आणि मद्रास यांच्यातला सीमावाद ह. वि. पाटसकरांनी याच धर्तीवर सोडवला होता, १९५९ मध्ये संसदेनं त्याचा कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून गावं इकडची तिकडं गेली. तिकडं जे चाललं ते इकडं का नाही, हा प्रश्न सीमाभागातली तिसरी पिढी विचारते आहे.

१९६६ मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केलं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात निवृत्त सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. २६४ गावं महाराष्ट्राला द्या, त्यात निपाणी, खानापूर, नंदगड. २४७ गावं म्हैसूरला द्या, त्यात जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा भाग. बेळगाव शहर आहे तिथंच राहू द्या. महाराष्ट्रानं आयोग मागितला होता, अहवाल मात्र फेटाळला. म्हैसूरनं स्वीकारला. यावर मराठी बाजूचा आक्षेप असा की आयोगानं एकच माप सगळीकडं लावलं नाही. काही ठिकाणी गाव मोजलं, बेळगावच्या बाबतीत मात्र इतर कारणं पुढं केली. आक्षेपात तथ्य आहे. पण आपणच मागितलेला पंच नंतर नाकारला, हेही कर्नाटक दर वेळी ऐकवतं, आणि ते खोटं नाही.

आता काकतीवरून बघा. महाजन अहवाल लागू झाला असता तर काय झालं असतं? चन्नम्मांचं माहेर काकती कर्नाटकात. रायण्णाला फाशी दिलं ते नंदगड महाराष्ट्रात. स्वामी समर्थांचं अक्कलकोट कर्नाटकात. रेघ कुठंही ओढा, कुणाचं तरी श्रद्धास्थान पलीकडं जातंच.

गाव हे मापही वाटतं तितकं साधं नाही. काकतीसारख्या गावात एका गल्लीत मराठी, दुसरीत कन्नड, तिसरीत उर्दू. होनग्याच्या कारखान्यांमुळं बाहेरून आलेली कुटुंबं वेगळीच. महाराष्ट्राची मागणी १९५१ च्या जनगणनेवर उभी आहे, आणि सत्तर वर्षांत गावं तशीच राहत नसतात. अलीकडच्या जनगणनेत मातृभाषेचे आकडे तालुक्या-शहरापर्यंत मिळतात, गावनिहाय छापलेले मिळत नाहीत. २०२१ ची जनगणना तर झालीच नाही, लांबली. म्हणजे ज्या मापानं वाद सोडवायचा म्हणतो, त्या मापाचे ताजे आकडेच समोर नाहीत.

आणि गावाला नेहमी भाषाच हवी असते असंही नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या चाळीसेक गावांवर हक्क सांगितला. आधार काय, तर पाण्यासाठी तिथल्या ग्रामपंचायतींनी पूर्वी केलेले ठराव. म्हणजे पाणी द्याल त्या राज्यात येतो, असं त्या गावांचं म्हणणं होतं. त्यावरून महिनाभर दोन्हीकडं दगडफेक, बसगाड्या बंद, महामार्गावर ट्रकांच्या काचा. १४ डिसेंबरला दिल्लीत गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवलं. पुढच्या दोन आठवड्यांत दोन्ही विधानसभांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले, दोन्ही एकमतानं. ठरावात एक इंचही सोडणार नाही असं म्हणायला खर्च येत नाही. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा मात्र वीस वर्षं उलटली तरी तसाच आहे. ८६५ गावांचं काय झालं, या प्रश्नाचं उत्तर तूर्त एवढंच.

निपाणीचं उदाहरण तर याहून बोलकं. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी हाच पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, आणि ६ एप्रिलला गोळीबारात शेतकरी मारले गेले. रस्त्यावर बसलेल्यांत मराठी होते तसे कन्नडही होते. निपाणीचं देवचंद कॉलेज तर अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. पोरं घरात कर्नाटकची आणि वर्गात महाराष्ट्रातली. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मतपेटीत काय दिसतं

हे थोडक्यात. महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार एके काळी सीमाभागातून सहज निवडून यायचे. २०१३ मध्ये दोन आले, बेळगाव दक्षिण आणि खानापूर. २०१८ मध्ये शून्य, २०२३ मध्येही शून्य. २०२१ च्या बेळगाव महापालिका निवडणुकीत पहिल्यांदा राष्ट्रीय पक्ष चिन्हावर लढले आणि भाजपनं ५८ पैकी ३५ जागा घेतल्या. काकती विधानसभेला यमकनमर्डी मतदारसंघात आहे. तो २००८ च्या फेररचनेत झाला, अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, आणि तेव्हापासून सतीश जारकीहोळी तिथून निवडून येतात. गाव बेळगावच्या उंबऱ्यावर, मत मात्र हुक्केरीकडच्या गावांबरोबर मोजलं जातं. इथंही माप दुसऱ्यानंच ठरवलेलं.

समिती हरली म्हणजे मराठीचा प्रश्न संपला, असं कन्नड वाहिन्या म्हणतात. मला ते पटत नाही. लोकांनी रस्ते, घरकुल, जात आणि दिल्लीचा पक्ष बघून मत दिलं. घरात भाषा तीच राहिली.

'खरे' त्यांचं आणि 'तूप' आपलं

भाषा तीच राहिली म्हणताना ती कशी आहे तेही बघा. तूप, अडकित्ता, अक्का, अण्णा हे शब्द मराठीत कन्नडकडून आले. उलट धारवाड-बेळगावकडचा कन्नड माणूस बोलताना 'खरे', 'बरोबर', 'लगू' असे शब्द सर्रास वापरतो, बंगळूरच्या माणसाला ते कळत नाहीत. बेळगावच्या मराठीची लकब महाराष्ट्रभर पोचवली पु. ल. देशपांड्यांनी. ते काही काळ बेळगावात प्राध्यापक होते, आणि 'गणगोत'मधले त्यांचे रावसाहेब मराठी बोलताना लिंगाचा जो गोंधळ घालतात तो कन्नडच्या घरातून आलेल्या माणसाचा अस्सल गोंधळ आहे. लोक हसतात, पण ती चेष्टा नाही, ओळख आहे.

काकतीच्या शेजारी कडोली. तिथं दर वर्षी गावकरी मराठी साहित्य संमेलन भरवतात. येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, बेळगुंदी इथंही अशी संमेलनं होतात. सरकारी अनुदानाशिवाय, गावाच्या वर्गणीतून, गावाच्या जेवणावर. पुण्याचा लेखक आला की त्याला आधी धक्का बसतो तो गर्दीचा. इंदिरा संतांसारखी कवयित्री आयुष्यभर बेळगावात राहून लिहीत होती, हे त्याला तेव्हा आठवतं.

बेळगावात शिवजयंती फेब्रुवारीत नाही, जुन्या तिथीनं वैशाख शुद्ध द्वितीयेला करतात, आणि पुढं चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. दुसऱ्याच दिवशी तृतीयेला बसव जयंती. मांडववाले, बँडवाले, फुलवाले दोन्हीकडं तेच. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला जायला कोल्हापूर-सांगलीच्या गाड्या काकतीवरून जातात, आणि त्यांतल्या माणसांना आपण दुसऱ्या राज्यात आलोय हे पाट्या बघून कळतं.

कागद मात्र एकाच भाषेत

आता मूळ अडचण. ती रेघेची नाही, कागदाची आहे.

गेल्या पावसाळ्यात काकतीकडच्या एका ओळखीच्या मामांनी मला घरी बोलावलं. पोस्टानं आलेला कागद त्यांनी गणपतीच्या फोटोमागं ठेवला होता, लाइटचं काहीतरी असेल म्हणून. कागद कन्नडमध्ये. मला जेवढं येतं तेवढं जोडून वाचलं. भावकीतल्या वाटणीची नोंद होणार होती आणि हरकत घ्यायची मुदत संपायला चार दिवस होते. मामा म्हणाले, 'वाचून सांग बा, माझंच रान हाय नव्हं ह्यात?' दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. तिथला कारकून मामांशी झकास मराठी बोलला, चहाही सांगितला. पण मराठीत लिहिलेला अर्ज घेता येणार नाही म्हणाला. मग बाहेर बसलेल्या एकाकडून पैसे देऊन कन्नडमध्ये लिहून घेतला. मुदतीत पोचला म्हणून बरं.

यावर उपाय कागदावर जुनाच आहे. १९५६ मध्ये ज्या वेळी राज्यं पाडली, त्याच वेळी सातव्या घटनादुरुस्तीनं ३५० अ आणि ३५० ब ही कलमं घातली. पहिलं सांगतं की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय राज्यानं करावी. दुसऱ्यानं त्यावर लक्ष ठेवायला राष्ट्रपतींनी नेमलेला आयुक्त आला. शिवाय केंद्र आणि राज्यांनी मिळून काही गोष्टी मान्य केल्या. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुलं त्या भाषेची असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. तालुक्यात किंवा पालिकेत पंधरा टक्के वा त्याहून जास्त लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना, नियम त्या भाषेतही छापायचे. बेळगाव आणि खानापूर तालुके पंधरा टक्क्यांच्या कितीतरी वर आहेत. समिती दर वर्षी 'मराठीत परिपत्रकं द्या' म्हणून जे निवेदन देते ते याच आधारावर.

अडचण अशी की हा पंधरा टक्क्यांचा नियम संसदेनं केलेला कायदा नाही, राज्यांनी कबूल केलेली योजना आहे. पाळली नाही तर दंड नाही. आयुक्त शिफारस करू शकतो, हुकूम सोडू शकत नाही. या आयुक्तांचं विभागीय कार्यालय पूर्वी बेळगावात होतं, ते पुढं चेन्नईला गेलं. १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात माणसं गेली, त्यांचं स्मारक हिंडलग्याला आहे. तरी सूचना अजून एकाच भाषेत येतात. दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं असा कर्नाटकचा कायदा आहे, पण साठ म्हटल्यावर उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी लिहायला तो कायदा मनाई करत नाही. पाटी काढायला येणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

महाराष्ट्र सरकारही अधूनमधून सीमाभागासाठी काही जाहीर करतं. ८६५ गावांतल्या विद्यार्थ्यांना शिक्षणात सवलती आहेत. २०२३ मध्ये महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना या गावांना लागू केली, त्यावर कर्नाटकनं हरकत घेतली. उपचाराचे पैसे कुणी द्यायचे यावर भांडण झालेलं देशात दुसरीकडं क्वचितच दिसेल. पण मामांच्या फोटोमागचा कागद मुंबईहून येत नाही, तो इथल्याच कचेरीतून येतो. तो मराठीतही यावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट बघत ठेवायचं कारण नाही. तिला रेघ हलवावी लागत नाही.

आणि हेच कलम, हेच पंधरा टक्के, जत आणि अक्कलकोटच्या कन्नड माणसालाही लागू आहेत. त्याच्या घरी येणारा सातबारा मराठीत असतो, त्याच्या गावच्या कन्नड शाळेला शिक्षक मिळत नाही म्हणून तोही दर वर्षी निवेदन देतो. काकतीचा माणूस आणि जतचा माणूस वेगवेगळ्या राजधान्यांना अर्ज लिहितात. अर्जातला मजकूर जवळपास एकच असतो, फक्त भाषांची नावं उलटसुलट.